चर्चा: घरात बाईची क्रीम वेगळी आणि पुरुषाची वेगळी हवी का?

शिवडीकर:
माझं मत ठाम आहे. सुरकुत्या, वांग, काळे डाग, कातडीचा सैलपणा हे सगळं लांबवण्यासाठी 'पुरुषांसाठी' आणि 'स्त्रियांसाठी' असे दोन डबे घेण्याला काही आधार नाही. सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन, रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर, एवढ्या चार वस्तूंत अख्ख्या घराचं भागतं.

कारण साधं आहे. उन्हातले यूव्हीए किरण त्वचेच्या आतल्या थरापर्यंत जातात आणि तिथलं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट धरणारं प्रथिन, तोडणारी विकरं (एन्झाइम) जागी करतात. समोर कातडी बाईची आहे की पुरुषाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. रेटिनॉलचंही तेच. त्वचेत गेल्यावर त्याचं रेटिनोइक आम्ल होतं, ते ज्या पेशींवर काम करतं त्या दोघांच्याही चेहऱ्यात असतात. डब्यावर बदलतो तो वास, रंग आणि भाव. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये किमती ताडून पाहिल्या, तेव्हा स्त्रियांसाठीची प्रसाधनं सरासरी १३ टक्के महाग निघाली. पुरुषांच्या डब्यात बरेचदा मेंथॉल आणि अल्कोहोल जास्त असतं. त्याने गार वाटतं, पण कातडी चिडते.

कृती अशी. सकाळी तोंड धुऊन दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं सनस्क्रीन, एसपीएफ (कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप) ३० किंवा ५०, पीए++++ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाचं माप), घराबाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी. रात्री फेसवॉश, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग ०.२ ते ०.३ टक्क्यांचं रेटिनॉल, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून एकच. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरायचं. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे, साल तिथूनच निघायला लागते. वरून मॉइश्चरायझर. पहिला महिना आठवड्यातून दोनच रात्री, मग एक रात्र सोडून एक. तीन महिन्यांच्या आत काही दिसलं नाही म्हणून टाकून देऊ नका.

वसईची लोकल:
शिवडीकर, कागदावर ठीक आहे, पण दाढीचं काय? पुरुषाची कातडी साधारण पाचव्या हिश्शाने जाड असते आणि तेलही जास्त सुटतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत बायकोच्या कोरड्या त्वचेला मानवणारं घट्ट मॉइश्चरायझर नवऱ्याच्या कपाळावर पुटकुळ्या आणतं.

त्यात वस्तरा. पातं केसांबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडून नेतं. वरून तुरटी फिरवायची, मग आफ्टरशेव्ह थापायचं आणि त्याच रात्री रेटिनॉल. दुसऱ्या आठवड्यात गळ्याशी लालसर पट्टा उठतो, चुरचुरतं आणि माणूस 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून सगळं सोडतो. म्हणून पुरुषाला वेगळी पद्धत सांगायलाच हवी.

पार्ल्याची औषधवाली:
दाढीचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. केस काढणं ही काय फक्त पुरुषांची गोष्ट आहे? वरच्या ओठाचं थ्रेडिंग, चेहऱ्याचं वॅक्सिंग, हनुवटीवरचे केस चिमट्याने उपटणं, यांचंही रेटिनॉलशी वाकडंच आहे. किंबहुना सगळ्यात मोठं नुकसान वॅक्समध्ये होतं. रेटिनॉलने सैल झालेला वरचा थर पट्टीबरोबर सोलून येतो, मागे ओली लाल खूण राहते आणि आपल्या सावळ्या कातडीवर तिचा तपकिरी डाग महिनोन्‌महिने हलत नाही. तेव्हा वॅक्सच्या आधी पाच ते सात दिवस रेटिनॉल बंद. थ्रेडिंगच्या आधी दोन रात्री आणि नंतर दोन रात्री निदान तेवढा भाग सोडायचा. पार्लरमध्ये 'रेटिनॉल लावते' हे आधीच सांगून टाकायचं.

दाढी करणाऱ्यांनी दाढी सकाळी करावी, रेटिनॉल रात्री लावावं. मधले बारा तास कातडीला सावरायला पुरतात. दाढी रात्रीच होत असेल तर त्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. तुरटी फिरवलीच तर गार पाण्याने धुऊन टाका, वाळू देऊ नका, ती कातडी आवळते आणि कोरडी करते. दाढी राखणाऱ्यांनी घट्ट सनस्क्रीन घेतलं तर ते केसांवर पांढरं चिकटून राहतं, खाली पोचतच नाही. त्यांना पातळ जेल बरं, बोटांच्या टोकांनी मुळाशी दाबून लावायचं. टक्कल असेल तर तेही, आणि कानांच्या पाळ्या हमखास विसरल्या जातात.

थोडक्यात, वस्तरा, दोरा की वॅक्स एवढं विचारा. बाई की पुरुष हे विचारायची गरज नाही.

डोंबिवली पन्नाशी:
औषधवाल्या ताई, इथे मात्र थांबा. रजोनिवृत्तीचं नाव अजून कोणीच घेतलेलं नाही. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्के घटतं. पुरुषाचं कमी होतं ते हळूहळू, वर्षाला जेमतेम टक्काभर. पन्नाशीच्या जोडप्यात नवऱ्याचा चेहरा तेलकट आणि बायकोचा अचानक कोरडा, खाजरा, साध्या साबणानेही चुरचुरणारा, हे चित्र घरोघरी आहे. तिला 'दोघांचं एकच' म्हणणं अन्याय आहे.

तिच्यासाठी फेस न होणारा, दुधासारखा क्लीन्झर, तोही रात्री फक्त. सकाळी नुसतं पाणी. मॉइश्चरायझर ग्लिसरीन आणि सेरामाइडवालं (सेरामाइड म्हणजे कातडीत ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध पदार्थ), कातडी ओलसर असतानाच. रेटिनॉल दोन थरांच्या मध्ये: आधी मॉइश्चरायझर, दहा मिनिटांनी रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. तीन रात्रींतून एकदा. आग होत असेल तर पुढच्या वेळी तासभरच ठेवून धुऊन टाकायचं, हाही चालणारा मार्ग आहे.

आणि सामाईक फडताळावरच्या ट्यूबचा खरा धोका निराळाच आहे. घरात गरोदर किंवा दिवस राहण्याच्या तयारीत असलेली मुलगी वा सून असेल तर रेटिनॉल किंवा त्याच्याच जातीची ट्रेटिनोइन, अ‍ॅडापलीन ही औषधं, यांतलं काहीही तिच्या हाती लागता कामा नये. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून अझेलेइक आम्ल (डाग-पुटकुळ्यांवरचं मलम) वापरता येतं. ट्यूबवर जाड पेनाने लिहून ठेवा.

शिवडीकर:
गरोदरपणाचा मुद्दा मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवा होता, ती चूक मान्य. रजोनिवृत्तीचंही मान्य, पण तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट कोरड्या कातडीच्या पंचविशीतल्या मुलालाही तंतोतंत लागू आहे. म्हणजे फरक कोरडेपणाचा झाला. ट्यूब तीच, वेळापत्रक बदललं. वसईकरांनाही तेच: मॉइश्चरायझर दोन घ्या, एक जेल आणि एक घट्ट, आणि ज्याला जे मानवेल ते लावा.

माहीमची खाडी:
तुम्ही सगळे रेटिनॉलभोवतीच फिरताय, माझा विरोध त्यालाच आहे. आपल्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात, आधी येतो तो वांग आणि डाग. आणि चिडलेली सावळी कातडी डागच सोडते. सनस्क्रीनची सवय न लागलेल्याच्या हाती रेटिनॉल देणं म्हणजे छप्पर नसताना भिंतीला रंग देणं. आधी तीन महिने फक्त सनस्क्रीन.

ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाचा निकाल २०१३ मध्ये आला. ५५ वर्षांखालचे स्त्री-पुरुष, साडेचार वर्षं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो आला होता. २८ वर्षं खिडकीकडे असलेली चेहऱ्याची एक बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, दुसरी बरीच सावरलेली. काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. एसी लोकल किंवा टॅक्सीच्या खिडकीशी बसणाऱ्यांना हे लागू आहे, आणि साध्या लोकलच्या खिडकीला तर बहुतेक वेळा काच लावलेलीच नसते. पावसाळ्यातही ढगांतून किरण येतात, त्यामुळे आषाढात सुट्टी नाही.

वांग असेल तर साधं सनस्क्रीन अपुरं, कारण दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. त्यावर आयर्न ऑक्साइड (लोहाचं रंगद्रव्य) असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. इथेच पुरुष मागे हटतात, 'मेकअप नको' म्हणतात. हा फरक कातडीतला नाही, मनातला आहे, आणि त्यापायी त्यांचे डाग वाढतात.

आणि एक कळकळीची विनंती. काउंटरवर मागून मिळणारी 'गोरं करणारी' मिश्र मलमं लावू नका. त्यांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) आणि ट्रेटिनोइन एकत्र असतं. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती याच गैरवापरामुळे. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि केस येतात. बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. यात पुरुषही बायकांइतकेच अडकलेले आहेत.

गिरगाव चाळ:
आजीच्या काळी उटणं, हळद, लिंबू आणि दुधाची साय होती. यातलं एकही रसायन नव्हतं, तरी कातडी तुकतुकीत असायची.

पार्ल्याची औषधवाली:
साय कोरड्या कातडीला चालेल, उटणंही भिजवून हलक्या हाताने चालेल, मात्र रेटिनॉलच्या आदल्या-नंतरच्या दिवशी घासू नका. लिंबू अजिबात नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास, कातडीचा पाचच्या जवळ. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड आणि काळे पट्टे उठतात.

व्हिटॅमिन सी हवंच असेल तर १० ते १५ टक्क्यांचं सीरम, सकाळी सनस्क्रीनच्या आधी. मुंबईच्या मे महिन्यात बाहेर ठेवलं तर झपाट्याने पिवळं पडतं. छोटी बाटली घ्या, फ्रिजच्या दारात ठेवा, कोऱ्या चहाचा रंग आला की टाकून द्या.

वसईची लोकल:
आता खर्चाचं बोला. लेबलवरचा एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने मोजतात. चेहरा आणि मान मिळून निदान सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे अडीच, दोन माणसांचे पाच. ५० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली. ४०० रुपयांची धरली तर महिन्याला १२०० रुपये. हे मध्यमवर्गीय घराला जड आहे.

माहीमची खाडी:
हिशोब अगदी बरोबर, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा. दोघांची एक ट्यूब तीन महिने पुरते म्हणणाऱ्या घरात सनस्क्रीन नुसतं चाटवलं जातंय. पैसे कमी असतील तर सीरम, टोनर, डोळ्यांची वेगळी क्रीम, सगळं रद्द करा आणि मोठी ट्यूब घ्या. दिवसात दुसऱ्यांदा सनस्क्रीनचा हात प्रत्येकाला लागत नाही. खिडकीपासून लांब, छताखाली दिवसभर बसणाऱ्याला सकाळचा एक पुरतो. फिरतीवर असलेल्याला, फलाटावर उभं राहणाऱ्याला दर दोन-तीन तासांनी हवाच, मग तो बाई असो की पुरुष. छत्री आणि टोपीने खर्च वाचतो, पण फरशीवरून आणि काचेच्या इमारतींवरून परतून येणारं ऊन त्या अडवत नाहीत.

आणि रुमाल. घाम पुसताना चेहरा घासला की सनस्क्रीन रुमालावर येतं. सुती रुमाल नुसता टेकवून घाम टिपा.