गच्चीची किल्ली

*बी ७०१:* सेक्रेटरीसाहेब, गच्चीची किल्ली आजही वॉचमनकडे नाही. मंगळवारी, ९ जूनला शुक्र आणि गुरू अगदी शेजारी येतायत. आमच्या बाल्कनीतून पश्चिम दिसतच नाही, समोर टॉवर आहे.

*सेक्रेटरी:* काका, थर्टी फर्स्टला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ठराव झालाय.

*बी ७०१:* तेव्हा आम्ही गावी होतो. बाटल्या ज्यांच्या, त्यांना कुणी काही बोललं नाही.

*ए १०२:* टाकीचं झाकण उघडं आहे. कबुतरं बसतात. आधी ते बघा.

*बी ३०४:* काका, चिडू नका हो. मुलांना दाखवायचंय. किती वाजता?

*बी ७०१:* वहिनी, पावणेआठला. जास्त झळकतो तो शुक्र. हात लांब करून करंगळी धरा, दोघांत जेमतेम दीड करंगळीचं अंतर असेल. खाली क्षितिजाकडे बुध, पण तो लवकर मावळतो. तारे लुकलुकतात, हे स्थिर दिसतात.

*सी ५०२:* आमच्या चिरंजीवांच्या पत्रिकेतला मंगळ पण दाखवा 😂

*बी ७०१:* तो सध्या पहाटे पूर्वेला असतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये रात्रभर दिसेल, लालबुंद. साधारण २६ महिन्यांनी असा योग येतो.

*सी ५०२:* म्हणजे बार फेब्रुवारीत उडवायचा 😂😂

*ए १०२:* टाकीचं झाकण.

*सी ५०३:* पावसाळ्यात काय दिसणार? कोजागिरीला ठेवा, दुधासोबत.

*बी ७०१:* पाऊस येईल म्हणूनच घाई. ९ ला ढग आले तर ८ किंवा १० ला बघू, तेव्हाही जवळच असतील. कोजागिरीला शुक्र सूर्याच्या उजेडात लपलेला असेल. शनी मात्र संध्याकाळी पूर्वेला छान दिसेल, ४ ऑक्टोबरला त्याची प्रतियुती आहे, म्हणजे पृथ्वीवरून बघता तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असेल.

*बी ३०४:* कोजागिरीवरून आठवलं, गेल्या वर्षीच्या दुधाचा हिशोब अजून मिळाला नाही.

*खजिनदार:* नोटीस बोर्डवर लावला होता मॅडम. कुणी फाडला ते विचारा.

*बी ३०४:* विचारतेय तर खरी.

*ए १०२:* टाकीचं झाकण, तिसऱ्यांदा सांगतोय.

*सेक्रेटरी:* उद्या प्लंबर येतोय. काका, किल्ली ८ ते १० जून, रजिस्टरमध्ये सही करून. साडेनऊला कुलूप.

*बी ७०१:* मनापासून आभार. टाकीवरचा हॅलोजनही तेवढा वेळ बंद हवा, नाहीतर डोळे दिपतात.

*सेक्रेटरी:* त्याचा स्विच पॅनेल रूममध्ये आहे. ती किल्ली खजिनदारांकडे.

*खजिनदार:* माझ्याकडे नाही.