झिपपेक्षा गिट बंडल बरं

नेट सारखं तुटत असेल तर एखाद्या प्रकल्पाचा कोड कसा आणायचा, यावर दर वेळी झिप (सगळा कोड एका दाबलेल्या फाइलीत) उतरवून घ्या, असा सल्ला दिला जातो. एकदाच कोड बघायचा असेल तर ठीक, पण नेहमी अद्ययावत ठेवायचा असेल तर मला तो मुळीच पटत नाही. चार ओळी बदलल्या तरी सगळं पुन्हा उतरवायचं! गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याची फेच ही आज्ञा फक्त नवीन तेवढंच आणते.

खरी अडचण पहिल्या क्लोनची, म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रत उतरवण्याची. तो मध्येच तुटला की पुन्हा शून्यापासून. म्हणून आधी डेप्थ 1 देऊन उथळ क्लोन (फक्त शेवटची स्थिती) घ्या आणि मग फेचला डीपन पर्याय देऊन मागचा इतिहास थोडाथोडा ओढा. एखादा हप्ता तुटला तरी आधीचे शाबूत राहतात.

त्याहून भरवशाचं म्हणजे गिट बंडल. चांगलं नेट असलेल्या कुणाकडून तरी अख्खी रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) एका फाइलीत बांधून घ्या. साधी फाइल असल्यामुळे तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करता येतं, पेनड्राइव्हवरूनही आणता येते. पुढच्या वेळी तुमच्याकडच्या शेवटच्या टॅगनंतरचेच (टॅग म्हणजे एखाद्या टप्प्याला दिलेलं नाव) कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मागवा. आणि बंडलमधून ते ओढण्याआधी बंडल व्हेरिफाय ही तपासणीची आज्ञा नक्की चालवा, मधला एखादा दुवा राहिला असेल तर तिथेच कळतं.

एसएसएच (सुरक्षित जोडणीची एक पद्धत) ज्यावरून जाते ते पोर्ट 22 तुमच्या नेटवर बंद असेल तर एचटीटीपीएस वापरा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एसएसएचसुद्धा पोर्ट 443 वरून चालतं.