दोन सरी पडल्या म्हणून पाणीकपात रद्द करा म्हणणाऱ्यांनो

गिरणाकाठ
काल एका भाऊंनी लिहिलं, "कपात लागून आठ दिवस नाही झाले अन् धो धो पाऊस, आता पाचव्या दिवसाचं पाणी परत एक दिवसाआड करा, नाहीतर कोणी पाणीपट्टी भरू नका." खाली सगळे बरोबर बरोबर करू राहिले. डोकं फिरलं म्हणून एवढं लिहितोय. अरे पाऊस पडला कुठं? आपल्या गावात. आपण पितो ते पाणी काय गावातल्या पावसाचं असतं का? वर कळवण-सुरगाण्याकडं जोर धरला पाहिजे, चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर भरली पाहिजेत, मग तिथून सुटलेलं पाणी गिरणा धरणात येतं. साडेअठरा हजार दशलक्ष घनफुटाचं धरण आहे ते, मेच्या वळवानं नाही भरत. पहिलं पाणी तर तापलेली जमीनच पिऊन टाकते. अन् २०२५ विसरले का? २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत मान्सून, सगळे खुश, अन् मग जूनच्या मध्यापर्यंत तो जागचा हलला नाही. माझ्या चुलत्यांनी त्या ओलीवर कापूस लावला अन् अर्धं बी परत टोचावं लागलं. तशी कपात उठवली अन् पाऊस दडला तर काय प्यायचं?

प्लॉट एरिया
धरण कुठं भरतं ते आम्हाला शिकवू नका भाऊ, आम्ही बी इथलेच. ती पोस्ट माझीच होती. साठा मार्चातच खाली गेलेला दिसत होता, तेव्हा काबर नाही केली कपात? लग्नसराई होऊ दिली अन् पाऊस दारात आल्यावर जागे झाले. आमच्या चौकात व्हॉल्व्हजवळ तीन महिने झाले गळती आहे, दोनदा अर्ज दिला. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती रात्री अडीचला उठून नळ बघते आला का. पाणीपट्टी वर्षभराची घेता अन् पाणी पाचव्या दिवसाला देता. ते सांगा आधी.

रावेरची केळी
तुम्हा गाववाल्यांना नळाशिवाय काही दिसत नाही. त्याच पावसाच्या आधी जे वादळ आलं त्यात माझी कापणीवर आलेली केळी झोपली, घडासकट. दोन दिवसांनी व्यापारी येणार होता. उन्हाळाभर ट्यूबवेलचं पाणी खाली चाललं, पाइप वाढवू वाढवू जगवली होती ती. अन् पिण्याचं आरक्षण म्हणून कॅनॉलचं आवर्तन कापतात तेव्हा कोणी आमच्यासाठी पोस्ट टाकत नाही.

गिरणाकाठ
दादा, तुमचं नुकसान खरं आहे, पण कपातीशी त्याचा संबंध काय?

रावेरची केळी
संबंध नाही ना? मग शेतकऱ्याचं पाणी तोडताना कसा लागतो संबंध?

वहिनी, जुनं गाव
मी खरं बोलते, राग आला तर येऊ द्या. कपात असो नसो, आमच्या गल्लीत पाणी पोचतच नाही कारण वरच्या सात घरांनी थेट नळाला मोटर लावलीय. पाणी आलं की सगळ्यांचे टुल्लू पंप एकदम सुरू, आमच्या नळातून नुसती फुस्स हवा. तीन हंडे भरायला दीड तास बसते.

प्लॉट एरिया
मी लावतो मोटर. लपवत नाही. प्रेशरच नाही तर वरच्या टाकीत काय बादलीनं चढवू?

वहिनी, जुनं गाव
खाली हौद करा, त्यात नळानं येईल तेवढं घ्या अन् हौदातून चढवा वर. नळातून ओढणं ही चोरी आहे. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं पाणी आहे ते.

प्लॉट एरिया
चोर म्हणू नका. अवैध कनेक्शनवाल्यांना म्हणा. मी सगळी पट्टी भरलेला माणूस आहे.

फार्मसीवाला
वहिनींचं बरोबर आहे, अन् पावसात तर जास्तच. पाइपलाइन चार दिवस रिकामी, जागोजागी फुटलेली, बाहेर गटारी भरलेल्या. अशात मोटर ओढते तेव्हा फटीतून ते गटारीचं पाणी आत खेचलं जातं. दरवर्षी पहिल्या पावसानंतर माझ्या काउंटरवर ओआरएसची पाकिटं संपतात. मागच्या वर्षी माझ्याच पोरीला कावीळ झाली, वीस दिवस अंथरुणात, दहावीचं वर्ष. पाणी उकळून प्या, क्लोरीन टाका, अन् मोटर काढा हो.

शिरपूर साइड
पहिला पाऊस कामाचा नाही हे मला नाही पटत. आमच्या तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर साहेबांनी नाले खोल अन् रुंद करून एकामागं एक बंधारे बांधले, २००४ पासून काम चालू झालं. तिथं साचलेलं जिरतं अन् विहिरींना उतरतं. बरं ते मोठं काम सोडा. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब अन् चाळीस मिलिमीटर पाऊस, साडेतीन हजार लिटरच्या वर होतं. ते तुम्ही पन्हाळीतून रस्त्यावर सोडता अन् पाचव्या दिवशी नळापुढं भांडता.

गिरणाकाठ
हे मान्य. जमीन पिऊन टाकते असं मीच म्हटलं, पण स्लॅबवरचं तर आपणच वाया घालवतो. धरणासाठी मात्र माझं तेच म्हणणं, साठा वाढलेला दिसल्याशिवाय कपात हलवू नका.

प्लॉट एरिया
बरं. कपात लगेच उठवा हे मी मागं घेतो. पट्टीचं नाही घेत. मार्चमध्ये झोपले त्याचं उत्तर पाहिजेच. मोटरचं म्हणाल तर त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं, पण मी एकट्यानं काढली अन् बाजूच्या सहांनी चालू ठेवली तर माझी आई परत अडीचला उठणार. सगळे काढणार असाल तर पहिली माझी.

वहिनी, जुनं गाव
गुरुवारी आमचा नंबर आहे. पाणी सुटायच्या आधी व्हॉल्व्हमनला घेऊन मी वरच्या सातही घरी जाते. तुमच्या गल्लीत तुम्ही जा.