प्रतिसाद: डिजिटल खात्यात पैसे जमा होत नाहीत

नव्या डिजिटल खात्यात यूपीआयने ८० हजार जमा झाले, पण पुढचे ५० हजार एनईएफटीने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची पद्धत) पाठवल्यावर परत आले, असं मूळ प्रश्नात लिहिलंय. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) तपासायला सगळे सांगताहेत, तेही बघाच (अकरा अक्षरं, पाचवं शून्य, तिथे हमखास इंग्रजी ओ टाइप होतो). पण मला हा केवायसीचा (ग्राहकाची ओळख पडताळणी) प्रकार वाटतो.

घरबसल्या नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात शिल्लक १ लाखाच्या वर जाऊ देत नाहीत, आणि आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांपर्यंतच. ८० आणि ५० मिळून शिल्लक १ लाखाच्या वर जात होती, म्हणून पैसे परत आले असावेत. मधे पैसे काढले तरी वर्षाच्या जमेचा आकडा कमी होत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. वर्षभरात पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद.

ॲपमधून व्हिडिओ केवायसी उरका: मूळ पॅन कार्ड, कोरा कागद, पेन आणि बऱ्यापैकी उजेड. लोकेशन चालू ठेवा, व्हीपीएन बंद; नाहीतर कॉल मधेच तुटतो. मग उरलेली रक्कम आयएमपीएसने (पैसे लगेच पोहोचवणारी सेवा) टाका. नवीन लाभार्थी जोडल्यावर पहिले २४ तास बहुतेक बँका मर्यादा कमी ठेवतात, त्यामुळे मोठी रक्कम लगेच जाईलच असं नाही; आधी १ रुपया पाठवून नाव पडताळा. मोठी रक्कम रोख भरायची तर पॅन लागतो.