हाताने रंगवलेल्या मिनिएचर साताऱ्याहून सांगलीला न्यायच्यात, पॅकिंग कसं करू?

शाहूपुरीचा_ब्रश
नमस्कार मंडळी. बदली झालीय, पुढच्या महिन्यात साताऱ्यातलं घर सोडून सांगलीला विश्रामबागेत शिफ्ट होतोय. भांडीकुंडी, कपाट, फ्रीज यांचं काही वाटत नाही, टेंपोवाला बघून घेईल. जीव अडकलाय तो मिनिएचरमध्ये, म्हणजे सैनिकांच्या इवल्या मूर्तींमध्ये. दीडशेच्या आसपास फिगर आहेत, बहुतेक २८ मिमीच्या, थोड्या ३२ च्या, मावळे, घोडेस्वार, बंदूकवाले, समोर आदिलशाही फौज, सगळं हाताने रंगवलेलं. बऱ्याचशा थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनच्या, काही व्हाइट मेटलच्या (कथलाचा मिश्रधातू). भाले बारीक तारेचे आणि निशाणं कागदाची, त्यामुळे हात लागला की गेलंच म्हणून समजा.

शिवाय वडिलांनी जपून ठेवलेले दिवाळीच्या किल्ल्यावरचे जुने मातीचे मावळे आहेत, त्यांचा रंग बोटाला लागतो. आणि एक डायोरामा, म्हणजे छोटा देखावा, प्रतापगडाचा पायथा, दीड बाय एक फूट, प्लायवर थर्माकोल आणि पीओपीचे डोंगर, वर खोटं गवत आणि झाडं.

पॅकर्सवाला म्हणतो सगळं बबल रॅपमध्ये गुंडाळून देतो साहेब. मला ते पटेना. कुणी असं सामान हलवलंय का?

कृष्णाकाठचा_गडी
भावा, आधी सांगलीत स्वागत. आणि त्या पॅकर्सवाल्याला मिनिएचरच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस 😄

एकच गोष्ट डोक्यात ठेव, रंगाला कशाचाच स्पर्श व्हायला नको. फिगर धरायची ती बेसने, म्हणजे पायाखालच्या चकतीने, वरचा माणूस आणि घोडा मोकळ्या हवेत उभा राहिला पाहिजे. बबल रॅपमध्ये गुंडाळलं की भाला वाकतो, आणि सोडवताना टोक प्लास्टिकमध्ये अडकून हातासकट निघून येतं, त्यात वार्निश पुरतं सुकलेलं नसलं आणि गाडीत गरम झालं की अंगावर गोल गोल ठसे उठतात ते वेगळेच, मग बसा परत रंगवत.

मी चुंबकवाला आहे. प्रत्येक बेसखाली ५ बाय २ मिमीचं निओडिमियम चुंबक, मेटलच्या घोडेस्वाराला दोन किंवा ८ मिमीचं एक. बेस खालून पोकळ असेल तर आतून ॲराल्डाइटने चिकटव, फेविक्विकने नको, कारण फेविक्विक ओढ सहन करतं पण झटका बसला की काचेसारखं तडकतं. बेस एमडीएफचा सपाट असेल तर ड्रिलने तेवढाच खड्डा पाडून चुंबक आत बसव, बेसच्या पातळीत आलं पाहिजे, वर आलं तर फिगर डुगडुगते आणि फार खोल गेलं तर पकड जाते.

मग झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घे, तळाला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा कापून बसव. कोठ्या आणि कूलर बनवणाऱ्याकडे तुकडे मिळतात, तोच कापून देतो, कडांना टेप मार नाहीतर बोटं कापतील. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घ्यायचा मोह होईल पण आधी चुंबक लावून बघ, बऱ्याच स्टीलला ते चिकटतच नाही, ॲल्युमिनियमला तर नाहीच. बिस्किटाचा पत्र्याचा डबा मात्र चालतो.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, चुंबक वर ओढायला जड असतं पण आडवं सहज सरकतं. गाडीने करकचून ब्रेक मारला की अख्खी फौज एका कोपऱ्यात. म्हणून ओळींच्या मधे क्राफ्टवाल्या फोम शीटच्या पट्ट्या चिकटव, बेसच्या उंचीएवढ्याच. मग डबा उलटा कर, हलव, खाली गादी घालून. घरात पडली तर बरं, वाटेत पेठ नाक्यावर नको.

फोम_जिंदाबाद
चुंबक बिंबक ठीक आहे पण दीडशे फिगरला दीडशे चुंबकं, ड्रिल, ॲराल्डाइट, पत्रा... एका महिन्यात हा माणूस बदलीचं सामान आवरणार का चुंबकं चिकटवत बसणार? गादीवाल्याकडून फोम आणा, दोन इंची, त्यात फिगरच्या आकाराचे खाचे कटरने पाडा, खाली पुठ्ठा चिकटवा, झालं. माझी अख्खी सेना अशीच असते. खाचा थोडा सैल ठेवायचा, फिगर दाबून बसवायची नाही. मऊ फोम घ्या, सोफ्याचा कडक नको, तो रंग घासतो.

कृष्णाकाठचा_गडी
@फोम_जिंदाबाद पायी चालणाऱ्या सैनिकाला फोम चालतो, मान्य. पण तारेचा भाला आणि कागदी निशाण फोममधून बाहेर काढताना काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. आणि सारखी नेआण केली की नाकावरचा, ढालीच्या कडेचा रंग फोम खातो. इथे एकदाच न्यायचंय त्यामुळे तेवढं होणार नाही हेही खरं.

शाहूपुरीचा_ब्रश
दोघांनाही धन्यवाद 🙏 म्हणजे भालदार आणि घोडेस्वार चुंबकावर, बाकी पायदळ फोममध्ये असं केलं तर वेळ वाचेल. दोन शंका. मेटलच्या घोड्यांचे पाय बारीक आहेत, दोनच पायांवर उभे, ते चुंबकाच्या ओढीने तुटणार नाहीत ना? आणि रेझिनचे भाले गरमीत वाकतात असं ऐकलंय, खरंय का?

कृष्णाकाठचा_गडी
फिगर काढताना घोड्याला धरून वर ओढलीस तर तुटणार, पायच काय शेपटीही. बेसला धरून एका बाजूने तिरकी करून उचलायची, चुंबक आपोआप सुटतं. ज्या घोड्याचा पाय आधीच एकदा चिकटवलेला आहे त्याला आत्ताच पिन घाल, एक मिमीचं हातड्रिल आणि यू पिनचा तुकडा, तो जोड परत सुटत नाही.

रेझिनचं खरंय. बंद गाडी उन्हात उभी राहिली की पातळ भाग मऊ पडून वाकतो. वाकलाच तर बरंच रेझिन गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करता येतं, सरळ केलं की लगेच गार पाण्यात. पण उकळतं पाणी नको. आणि जेवायला ढाब्यावर थांबलास तर गाडी सावलीत लाव.

वाड्यातली_आजी
मला मिनिएचरमधलं काही कळत नाही पण मातीच्या मावळ्यांचं कळतं, आमच्याकडे माळ्यावर पेटीभर आहेत. रंग बोटाला लागतो म्हणालास ना, म्हणजे जुना पाण्याचा रंग आहे, त्याला ओल आणि घासणं दोन्ही चालत नाही. ओल्या फडक्याने पुसून भरू नकोस हो, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटक फक्त.

वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, शाई लागते. कापसातही नको, बारीक तंतू तलवारीला, बोटांना अडकतात आणि काढताना बोटच निघतं. मिठाईवाल्याकडचा बटर पेपर गुळगुळीत असतो तो आधी सैल गुंडाळायचा, मग वरून टिश्यूचे बोळे. बोळे आधी हाताखाली, मानेजवळ, पायांच्या मधे भरायचे, मग बाहेरून. करकचून गुंडाळलं की मोकळा हात कडकन मोडतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे असतात ना, छोटा मावळा त्याच्या खळग्यात छान बसतो, वर दुसरा ट्रे उलटा. ट्रे कोरडा आणि स्वच्छ बघून घे.

आणि घरात लहान मूल असेल तर ते चुंबकाचे दाणे जपून. दोन चुंबकं पोटात गेली की आतडं मधे चिमटून जखम होते, ऑपरेशनपर्यंत जातं.

शाहूपुरीचा_ब्रश
आजी, मुलगी चार वर्षांची आहे, बरं झालं सांगितलंत. चुंबकं ती झोपल्यावरच बाहेर काढतो आणि काम झाल्यावर मोजून ठेवतो.

मिरजेचा_तंबोरा
डायोरामाबद्दल लिहितो. आमचं घर मिरजेतलं, सतार तंबोरे बाहेरगावी जाताना लहानपणापासून बघतोय. वाद्य पेटीत ठेवताना भोपळ्यावर भार येऊ द्यायचा नाही, तारा सैल करायच्या, आणि आतलं वाद्य पेटीत हललंही नाही पाहिजे आणि दाबलंही गेलं नाही पाहिजे. तुझ्या डोंगराचंही तसंच आहे.

प्लाय आहे ना तळाला, मग काम सोपं. डायोरामापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा जाड प्लायचा तुकडा घे आणि डायोरामा खालून स्क्रूने त्याला फिक्स कर. स्क्रू इतकाच लांब की पीओपीत घुसणार नाही, नाहीतर डोंगराला चीर. मग त्या तुकड्याला चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लायच्या भिंती आणि वर झाकण, म्हणजे झाडाच्या शेंड्याला वरून बोटभर मोकळी जागा. आत काहीच भरायचं नाही. गवतावर क्लिंग फिल्म तर मुळीच नको, ती ओढून काढताना गवत सोबत येतं. थर्माकोलचे दाणेही नकोत, ते गवतात शिरले की दिवाळीपर्यंत वेचत बसशील.

सुटी निघणारी माणसं, तोफा काढून वेगळ्या ठेव. काढायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो, वरूनही एक. मग ही पेटी अजून एका मोठ्या खोक्यात, मधल्या फटीत उशा किंवा वर्तमानपत्राचे बोळे, दोनेक इंच तरी. बाहेरच्या खोक्याला वर्तमानपत्र चालतं, आतल्याला नाही. खोक्याला दोन्ही बाजूंना दोरीची मूठ कर, म्हणजे उचलणारा आपोआप आडवा धरतो. 'नाजूक' लिहून काही उपयोग नसतो, घाईत कोण वाचतं.

फोम_जिंदाबाद
+१. त्याच कारणासाठी मिनिएचरचे डबेपण पारदर्शक घ्या. हमालाला आत बारीक बारीक मावळे दिसले की तो स्वतःच सांभाळून धरतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात काय आहे त्याला काय माहीत, तो त्यावर मिक्सर ठेवणार.

छोटा_हत्ती_०९
मी गाडी चालवतो सातारा कराड सांगली. खरं सांगू का साहेब, हे टेंपोत घालूच नका. टेंपोत मागच्या चाकाच्या मागं सगळ्यात जास्त उडतं, आणि माल भरायच्या नादात नाजूक खोकं नेमकं शेवटी तिथंच येतं. तुमची कार असेल तर डिकीत पण नको, ती पण मागच्या चाकाच्या मागंच. पुढच्या सीटच्या मागं पाय ठेवायची जागा असते ना तिथं डबे, खाली चादर घडी करून. मोठा खोका मागच्या सीटवर बेल्ट लावून, एक माणूस शेजारी. पेठ नाक्यापर्यंत हायवे हाय. पेठ सोडलं की सांगलीपर्यंत आष्टा करत जरा दमानं घ्या, गावागावात स्पीडब्रेकर हायत आणि काही काहीला पांढरा पट्टा बी नाय. सकाळी लवकर निघा म्हंजे ऊन पण नाय आणि ट्रक पण कमी.

शाहूपुरीचा_ब्रश
काका तुमचं एकदम पटलं, माझ्या डोक्यात डिकीच होती. कारने सकाळी नेतो, बायको डायोरामाशेजारी बसायला तयार आहे, तिने अट घातलीय की तिच्या लोणच्याच्या बरण्यापण त्याच गाडीत 😅 म्हटलं चालेल, पण वेगळ्या बाजूला आणि झाकण टाइट.

अजून एक विचारतो. तासगावच्या मेव्हण्याकडे द्राक्षाचे रिकामे पुठ्ठ्याचे बॉक्स पडून आहेत, मजबूत वाटतात. आणि घरात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे प्लास्टिकचे पारदर्शक डबे साठलेत. वापरू का?

कृष्णाकाठचा_गडी
स्ट्रॉबेरीचे डबे बेस्ट, धुऊन वाळवून घे. एका डब्यात एक मोठी फिगर, बेस खाली डबल टेपने चिकटवायचा. टेप जास्त दिवस ठेवू नको, पोचल्यावर काढ, नाहीतर गोंद राहतो. त्या डब्यांना हवेची भोकं असतात, धुळीसाठी वरून एक पिशवी.

द्राक्षाचा बॉक्स बाहेरचं खोकं म्हणून चालेल पण आत ग्रेप गार्डचा कागद राहिलाय का बघ. द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून तो ओल मिळाली की सल्फर डायऑक्साइड सोडतो. तो वायू रंग फिका करतो आणि ओलसर हवेत मेटल खातो. व्हाइट मेटलच्या फिगरसोबत बंद खोक्यात तो कागद अजिबात नको. काढून टाक, बॉक्स दोन दिवस उन्हात उघडा ठेव, वास गेला की वापर. वास राहिलाच तर त्यात पुस्तकं भर... नको, पुस्तकंपण नको, चपला भर.

वाड्यातली_आजी
सांगलीत घर कितव्या मजल्यावर आहे रे?

शाहूपुरीचा_ब्रश
तळमजला आहे आजी. का हो?

वाड्यातली_आजी
विश्रामबाग नदीपासून लांब आहे तसं, पण घरमालकाला २०१९ ला आणि २०२१ ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारून घे. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी आलं नसलं तरी पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतीला ओल धरते, मातीच्या मावळ्यांची पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नकोस. कपाटाच्या वरच्या खणात, आत सिलिका जेलच्या पुड्या. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या साठव, दुकानात मागितल्या तरी देतात.

कृष्णाकाठचा_गडी
आणि भावा, आत्ता नवीन काही वार्निश करायचं राहिलं असेल तर ते पोचल्यावर कर, पावसाळी हवेत स्प्रे मारलास तर पांढरट धुकं बसतं. सोबत एक छोटी पिशवी जवळ ठेव, ॲराल्डाइट, चिमटा, बारीक ब्रश, आणि निशाणांसाठी वापरलेला तोच भगवा, मिक्स करून बाटलीत. परत तोच शेड मिळवायला वैताग येतो. पोचलास की मेसेज कर, डबे उतरवायला मी येतो, हमालाच्या हातात देऊ नको.