पूर्ण गाडीला मॅट मारायच्या आधी

जुन्या गाडीत रोड नॉइज, म्हणजे टायर-रस्त्याचा आवाज, फार येतो, काय करू या प्रश्नावर सगळ्या गाडीला बुटाइल मॅट (पत्र्याला आतून चिकटवायची रबरी शीट) मारून घ्या असा सल्ला आलाय, पण तेवढ्याने भागत नाही. मॅट पत्र्याची थरथर मारते, म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरजच नसते, पॅनेलच्या मधला पाव भाग झाकला तरी दारावर टकटक केल्यावर रिकाम्या डब्यासारखा येणारा आवाज बंद होतो. टायरची घुंईऽऽ मात्र हवेतूनही आत येते, तिला क्लोज्ड सेल फोम (पाणी न शोषणारा फोम) आणि त्यावर जड विनाइलचा सलग थर लागतो, तोही आधी फ्लोअर आणि मागच्या व्हील आर्चवर (चाकावरच्या कमानीवर), छत अगदी शेवटी.

पण जुनी गाडी आहे ना, मग आधी टायर बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा 23वा आठवडा, एवढं जुनं रबर कडक होतं आणि आपल्याकडच्या नव्या काँक्रीट रस्त्यांवर तर जास्तच ओरडतं. दाराच्या बीडिंगमध्ये (कडेच्या रबरी पट्टीत) कागद अडकवून, दार बंद करून ओढा, सहज सुटला तर बीडिंग बदला, खर्च मॅटपेक्षा खूप कमी.

आणि प्लीज, दाराच्या खालच्या कडेची ड्रेन होल्स (पाणी निघायची भोकं) मॅटने झाकू देऊ नका!! मुंबईच्या पावसात काचेच्या रबरातून पाणी दारात उतरणारच, ते तिथेच साचलं की पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. स्वस्तातलं डांबरी शीटही नको, उन्हात मऊ पडून वास मारतं. ट्रिम (दाराचं आतलं कव्हर) परत बसवायच्या आधी स्वतः टॉर्च मारून ती होल्स बघाच.