मदत हवी आहे: जामीनदार नाही म्हणून पोरगा अजून आतच

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा चोरीच्या आरोपाखाली 14 महिने कच्च्या कैदेत आहे. पहिलाच गुन्हा, दुसरी केस नाही. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार कुठून आणायचा? त्याच केसमधला दुसरा मुलगा आठवड्यात घरी आला, कारण त्याच्या वडिलांकडे सातबारा होता. हे बघवत नाही.

चोरीच्या या कलमाला जास्तीत जास्त 3 वर्षे शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी असलेल्याला त्याच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बंधपत्रावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं, आणि कोर्टाकडे तसा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा असतो. इथे तो झालेलाच नाही.

कुणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलामार्फत हे करून घेतलंय का? सोबत कोणते कागद लागले? मावशी धुणीभांडी करतात, तारखेला खाडा झाला की पगार कापला जातो.